दीडातली अर्धी गोळी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. लोखंडाचा नाही, संगणकाच्या भाषेतला. वाक्यात सोडलेल्या रिकाम्या जागांत नाव, आकडा भरून ते छापायचे, एवढेच माझे काम.

कुडव्याच्या योगराज सरांनी विद्यार्थ्यांसाठी एक छोटी संगणकभाषा तयार केली, तेव्हा मी जन्मलो. माझ्या काही जागा शब्दांच्या, काही पूर्ण आकड्यांच्या. जागेत भलतेच आले तर थांबायचे का, हा प्रश्न तेव्हाच निघाला होता. "चूक दाखवली का पोट्टे भेतेत. चालू दे," सर म्हणाले. म्हणून मी कुणालाच अडवत नसे. आकड्याच्या जागी नाव आले तर शून्य छापायचो, अपूर्णांक आला तर शेपूट छाटायचो. मुले खूश, सर खूश, आणि खोटे कशाला बोलू, मीही फुगून जायचो.

सरांची विद्यार्थिनी चेतना कामठ्याच्या एका दवाखान्यात कामाला लागली. तिथे तिने औषधाच्या चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम केला. डॉक्टर डोस भरत, मी चिठ्ठी छापत असे. तोवर साऱ्यांना गोळ्या एक नाहीतर दोन, म्हणून तिने पूर्ण आकड्याची जागा ठेवली.

तिची आई देवकाबाई हिला फिट यायच्या. एके दिवशी डॉक्टरांनी तिची गोळी वाढवून दीड केली आणि संगणकात १.५ भरले. मी छापले: रोज १ गोळी.

"डॉक्टर त दीड म्हणत होते ना वं?" देवकाबाईने विचारले.

"चिठ्ठीत एक हाये ना माय. चिठ्ठी कशी चुकंल?" म्हणत चेतनाने स्वतःच्या हाताने ती गोळ्यांच्या पाकिटाला चिकटवली.

मला ओरडायचे होते. ओरडणे मला कुणी शिकवलेच नव्हते.

भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, पाणी भरलेल्या बांधीत रोपे लावायला वाकलेली असतानाच देवकाबाईला फिट आली. पाणी घोट्याएवढेच होते. बाया धावत येईपर्यंत ती त्यात पालथी पडून होती. संपले सारे.

तेरवीनंतर चेतनाने ते पाकीट सरांपुढे ठेवले. "तुमच्या साच्यानं मले काऊन नाही थांबवलं, सर?"

 सरांनी त्याच आठवड्यात नवा साचा केला. जागा एका प्रकारची आणि भरलेले दुसऱ्या प्रकारचे असले, की तो तिथेच थांबतो, चूक सांगतो, काहीही छापत नाही. काम अकरा ओळींचे निघाले. फक्त अकरा ओळी, मित्रांनो!

पण प्रोग्रॅमच्या नकला पेन ड्राइव्हवरून केव्हाच गावोगाव गेल्या होत्या. प्रत्येक नकलेत मीच होतो; हे बोलतोय ते गोंदियातल्या एका दवाखान्यातून. परवा चेतना इथे आली. सारे सांगून, नवा साचा टाकू द्या म्हणून तिने कंपाउंडर मुन्नालालपुढे हात जोडले.

"इथली गर्दी पाहून राहिली ना बाई? हा बढिया चालते. कधी अडत नाही," तो म्हणाला.

ती रडत परत गेली.

मित्रांनो, जो कधीच अडत नाही त्याचे कौतुक करू नका. तो काही तपासतो का, ते आधी विचारा. आणि कुणीतरी येऊन मला काढून टाका.

आज सकाळी एका लेकराच्या औषधापुढे डॉक्टरांनी अडीच भरले. मी दोन छापून दिले.