न आलेल्या बाळाचे वजन

मित्रांनो, तान्ह्या बाळांना तोलणारा एक जुना वजनकाटा आहे मी. गोल तबकडी, एक सुई, आत स्प्रिंग आणि खाली कापडाची झोळी, एवढाच माझा संसार. कारखान्यात तपासणीसाने पाच किलोचे वजन मला वीस वेळा टांगले. वीसही वेळा सुई पाचवरच थांबली. "हा खोटं बोलायचा नाही," असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शब्दांचा मला फार दिवस गर्व होता.

मला विकत घेतले एका तरुण परिचारिकेने. ती परदेशातल्या एका खेड्यात सहा महिने सेवेसाठी निघाली होती. गावातल्या बायका तिला पाहुणीबाई म्हणू लागल्या. शाळेच्या रिकाम्या खोलीत तिने मला तुळईला टांगले. दर सोमवारी आया आपापली बाळे घेऊन रांगेत बसायच्या.

"अगं, लेकरू तोलतेस की भोपळा?" पहिल्याच दिवशी गावची दाईमावशी म्हणाली, आणि खोलीभर हसू पसरले. पाहुणीबाईला भाषा तुटकच येत होती, पण तीही हसली.

चूक त्यानंतर झाली. पाहुणीबाई फार शिस्तीची. तिने भिंतीवर मोठा तक्ता लावला. बाळाचे नाव, पुढे वजन. वाढ नीट असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. तिच्या रुग्णालयात असा तक्ता परिचारिकांच्या खोलीत असे. इथे खोली सगळ्यांची होती, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

विणकराच्या बायकोची लेक तीन महिन्यांची होती. सलग दोन सोमवार तिच्या नावापुढे लाल खूण पडली. रांगेतून कुणीतरी म्हणाले, "दूध पाजतेस ना गं, की नुसत्या अंगाईवर भागवतेस?" बायका हसल्या.  विणकरणीने लेकीला झोळीतून उचलले, छातीशी धरले आणि ती निघून गेली.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"तिच्या घरी जा," दाईमावशी म्हणाली. "आणि वही-बिही काही नेऊ नकोस."

"जाते हो मावशी. एवढा अहवाल पुरा झाला की जाते."

अहवालाला नऊ दिवस लागले.

पाहुणीबाई गेली तेव्हा वही तिने मागे ठेवली होती, पण मी पिशवीत होतोच. विणकराच्या घरचा माग बंद होता. विणकरीण पायरीवर बसली होती. तिने आधी पिशवीकडे पाहिले.

"परवा गेली," ती म्हणाली. "जुलाब लागले, आणि दोन दिवसांत सगळं..." मग, कुणी जाब विचारला असावा तशी घाईघाईने म्हणाली, "मी येणार होते हो बाई. थोडी अंगानं भरली की आणणारच होते."

त्या दिवसापासून माझी सुई आपोआप शून्यावर येत नाही. झोळी रिकामी असते, तरी ती जरा पुढेच थांबते. दुरुस्ती करणारा म्हणाला, स्प्रिंग थकली. खरे असेल; स्प्रिंगा थकतातच. पण खिडक्या बंद असताना कधी कधी झोळी हलते, आणि आत कुणीतरी पाय झाडते आहे असे मला वाटते. तिचे वजन मला पाठ आहे. चार किलो शंभर ग्रॅम.

तक्ता त्याच संध्याकाळी उतरला. "मला शिकवा," पाहुणीबाई दाईमावशीला म्हणाली.

"आधी बसायला शीक," मावशी म्हणाली. "आत बोलावलं तरच जा. तबकडी आईकडं फिरव. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल."

मग दोघी मला घेऊन घरोघर फिरू लागल्या. प्रत्येक बाळाआधी मावशी माझा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची. मुदत संपल्यावर पाहुणीबाई परत गेली. मी मावशीकडेच राहिलो. विणकरणीच्या दाराशी आम्ही दर सोमवारी थांबायचो. "बरी आहेस ना गं?" मावशी विचारायची. दार बंदच असायचे; मावशी घटकाभर पायरीवर बसायची आणि मग उठायची.

दोन वर्षांनी एका सोमवारी ते दार उघडे दिसले. विणकरणीच्या मांडीवर सव्वा महिन्याचा मुलगा होता.

"वजन नको, मावशी," ती माझ्याकडे पाहत म्हणाली.

"बरं बाई, नको तर नको. नुसती बसते."

मावशी बसली. चहा झाला. मागावरच्या नव्या धाग्याबद्दल बोलणे झाले. मावशी उठू लागली, तेव्हा विणकरणीने तिचा हात धरला.

"याला कालपासून ताप आहे. बघता?"

तासाभरात मूल डॉक्टरांकडे पोचले. तो मुलगा आता शाळेत जातो. त्याला मी कधीच तोलले नाही.

मित्रांनो, परक्या गावी मदतीला जाल तेव्हा आमच्यासारखी खरी बोलणारी यंत्रे जरूर न्या, पण आमचे बोलणे चारचौघांत करू नका. आणि जी आली नाही, तिच्या घरी त्याच दिवशी जा. दार बंद असले, तर पायरीवर बसा.