दुष्काळातली चौकट

जुनी चौकट खाली घेताना वरच्या दगडामागून फडक्याची गाठ पडली. शिवप्पा गवंडी ती उचलायला वाकला, पण नव्या पाळकसाहेबांनी आधीच पाहिली होती. आत हळकुंड, सुपारी आणि काळपट पडलेल्या अक्षता.

"चर्चच्या दारात हे कुणी ठेवलं?"

शिवप्पा मुंडाशाने घाम पुसत राहिला. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा ज्ञानोबा पुढे आला.

"म्या ठेवलं, साहेब."

याचा अर्थ त्याला ठाऊक होता. असं काही करणाऱ्याला मंडळी प्रभुभोजनातून, म्हणजे येशूच्या नावाने भाकर नि द्राक्षरस घेण्यातून, वगळत. बाप्तिस्म्यापासून ज्ञानोबाने एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं.

लातूर जिल्हा झाला तसे रस्ते रुंद होऊ लागले आणि चर्चचा पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, रस्त्याच्या आखणीत गेला. मधला दगडी भाग निजामाच्या काळातला, टोकदार कमानींचा. घंटेचा विटांचा मनोरा त्यानंतरचा. सोपा बहात्तरच्या दुष्काळातला. लोकांच्या हाताला काम म्हणून मिशनने काढलेला. मजुरी म्हणजे लाल मिलो, अमेरिकेहून मदतीत आलेली ज्वारी. काम करणारे बहुतेक आसपासच्या गावांतले, ख्रिस्ती थोडेच. म्हणून चर्चच्या तोंडाला लाकडी खांब आले आणि दाराला घरासारखा उंबरठा.

चौकट उभी करायच्या आधी परांचीवरून एक बाई पडली होती. पूजा केल्याशिवाय शिवप्पा चौकटीला हात लावेना, बायका तिच्याखालून पाटी नेईनात. तेव्हाचे पाळक 'पूजा चालणार नाही' असं बजावून धान्य आणायला नांदेडला गेलेले. काम बंद म्हणजे मिलो बंद. ज्ञानोबाने बायकोच्या डब्यातलं हळकुंड आणून शिवप्पाच्या हातात दिलं.

फडक्याची गाठ सापडली त्या संध्याकाळी चर्चचे पंच बसले. पंचांचे प्रमुख हणमंतराव, निवृत्त शिक्षक. शिवप्पाच्या हाताखाली दगड उचलणारी सरजाबाई घरी न जाता दारात उभी राहिली. दुष्काळातही ती याच कामावर होती.

"ओ मास्तर, आमी बौद्ध. हळद-कुकू कवाच सोडलेलं," ती म्हणाली. "तरी त्या दिवशी म्या बी चौकटीखालून जाईना. भ्याव वाटलं."

"सरजाबाई, तुमी गप ऱ्हा. ही आमच्या घरातली गोष्ट हाय."

"घर बांधताना पाटी माज्या डोक्यावर व्हती की."

दोघं-तिघं हसले. हणमंतरावांनाही हसू आलं. त्यांनी ते मिशीत दाबलं.

"ज्ञानोबा, लई ताणू नको. चूक झाली म्हण, इषय संपला."

ज्ञानोबाने टोपी काढून हातात घेतली.

"हळद ठेवायला नको व्हती, मास्तर. पर त्या दिवशी दुसरं काय करावं, ते मला अजून बी उमगंना. चूक झाली म्हणलं तर खोटं व्हईल."

"अरे, एवढं म्हणायला काय जातंय तुजं?"

"प्रभूच्या भाकरीला हात लावायचा अन् तेच्याच पुढं खोटं बोलायचं?"

पाळकसाहेब तरुण होते. त्यांनी निर्णय पंचांवर सोपवला. तीन महिने प्रभुभोजन नाही, असं ठरलं. किल्ल्या मात्र त्याच्याकडेच राहिल्या. पहाटे उठून दार उघडायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

नवी चौकट मागे सरकवून दगडी भागाच्या तोंडाला बसवली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. शिवप्पा डोळे मिटून ओठ हलवत उभा होता.

"तू काय म्हणत व्हतास रे?" ज्ञानोबाने नंतर विचारलं.

"आमचं आमी मनात म्हणून घेतलं."

रविवारी चर्च भरलं. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि एकेक बाक उठून पुढे जाऊ लागला. खोदलेल्या रस्त्यावरून धुळीचं वारं येत होतं. नव्या दाराची कडी अजून बसत नव्हती. फळी सारखी आपटायची. शेवटच्या बाकावरून ज्ञानोबा उठला, दाराशी गेला आणि शेवटचा माणूस द्राक्षरसाचा घोट घेऊन परत जागेवर येईपर्यंत दोन्ही तळव्यांनी फळी दाबून उभा राहिला.