एका माणसाची एकच नोंद

संगणक केंद्राच्या काउंटरपाशी मावशी या आठवड्यात तिसऱ्यांदा उभी होती, आणि तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे तिला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मावशी म्हणजे रसायनशास्त्र विभागातली प्रयोगशाळा परिचर. चोवीस वर्षं तिने बीकर धुतले, आम्लांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि प्राध्यापक चालू ठेवून गेलेले बर्नर बंद केले. लेकीचं कॉलेज संपलं तेव्हा तिने त्याच विभागाच्या संध्याकाळच्या पदवीवर्गात नाव घातलं. आज दुपारी दोन वाजता वर्षाचा शेवटचा पेपर होता. आधीचे पेपर कागदावर झाले होते, हा मात्र विभागाच्या हॉलमध्ये बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर आणि विद्यापीठाच्याच वायफायवरून द्यायचा होता. मोबाइलचं इंटरनेट चालणार नव्हतं. वायफाय नाही तर पेपर नाही, आणि पेपर नाही तर वर्ष गेलं. एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस असं वर्ष सहजी सोडून देत नाही.

लॅपटॉप लेकीचा जुना होता, पण धडधाकट. नेटवर्कचं नाव दिसायचं, पासवर्ड टाकला की गोल चक्र फिरायचं, आणि मग लाल अक्षरांत उमटायचं, 'आपणास परवानगी नाही.' सोमवारी काउंटरवरच्या तंत्रज्ञाने पासवर्ड बदलून दिला. मंगळवारी त्याने लॅपटॉप बंद करून परत चालू करायला सांगितलं. जणू विभागात तिने ते वीस वेळा केलंच नव्हतं. आज गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, त्याने पहिल्यांदा तिची नोंद उघडून नीट वाचली.

"मावशी, घोडं इथे अडलंय," तो म्हणाला. "तुम्ही सिस्टीममध्ये आधीच आहात."

"आहे म्हणजे?"

"कर्मचारी म्हणून आहात, परिचर. एका माणसाची एकच नोंद असते. आणि परिचरांना वायफाय नाही."

"का नाही?"

"त्यांना लॅपटॉप कशाला लागतोय, असं ठरवलं असेल कुणीतरी."

मावशीने लॅपटॉप उचलून त्याच्या नाकासमोर ठेवला. "मग हा काय चहाचा ट्रे आहे?"

तंत्रज्ञ माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा पुसला, पडद्यावर खाली-वर केलं. "कर्मचाऱ्याची नोंद काढली, तर विद्यार्थी म्हणून घालता येईल. पण तुमचा पगार त्याच नोंदीवर निघतो."

"म्हणजे पेपर द्यायला मी नोकरी सोडू?"

"तसं नाही म्हणत मी."

"दोन नोंदी इथे कुणाच्याच नाहीत?"

तो घुटमळला. "आहेत. आमच्या साहेबांच्या आहेत. ते अधिकारीही आहेत आणि शिकवतातही. पण त्याला साहेबांचीच परवानगी लागते, आणि साहेब बैठकीत आहेत."

साहेब सोमवारीही बैठकीतच होते. मंगळवारी ते नुकतेच बाहेर पडले होते. मावशीच्या ओठांवर जे आलं ते तिने गिळलं, कारण भांडायला वेळ होता कुठे? तिचा पडलेला चेहरा पाहून तंत्रज्ञाने खणातून एक फॉर्म काढला. तो पाहुण्यांसाठी होता. चार तासांचा पास मिळायचा. कुणातरी कायम कर्मचाऱ्याने पाहुण्याची हमी घ्यायची आणि विभागप्रमुखांची सही आणायची.

"कायम कर्मचारी तर मीच आहे," मावशी म्हणाली.

"मग झालं की. तुम्हीच घ्या हमी."

अशी गंमत. विद्यापीठ तिच्या शब्दावर कुणाही परक्याला वायफाय द्यायला तयार होतं, फक्त तिला सोडून. तिने उभ्या-उभ्याच फॉर्म भरला. हमीदाराचं नाव तेच, पाहुण्याचं नाव तेच. 'हमीदाराचे पाहुण्याशी नाते' या रकान्यात तिने लिहिलं, 'मीच', आणि ते लिहिताना पेनाने कागद फाटायचा राहिला.

विभागप्रमुख खोलीत होते. त्यांनी फॉर्म हातात घेतला, पेन काढलं आणि न वाचताच विचारलं, "कोण पाहुणी? लेक का?"

"मी."

"तुम्हाला कशाला वायफाय?"

"दोनला पेपर आहे, सर."

"कुठला?"

"तुमचाच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही माझ्या वर्गात असता?"

"वर्षभर आहे. शेवटच्या बाकावर."

"अहो, मला वाटायचं, तुम्ही प्रोजेक्टर बंद करायला थांबता."

ते हे अगदी सरळ मनाने म्हणाले, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. "सर, चाचणीत दुसरा आलेला सत्तेचाळीस नंबर कोण, म्हणून तुम्ही भर वर्गात विचारलंत," ती म्हणाली. "मी हात वर केला. तुम्ही म्हणालात, थांबा मावशी, इतक्यात बंद करू नका."

विभागप्रमुखांचे कान लाल झाले. ते घाईघाईने पुन्हा पेनाकडे वळले, पण मावशीने फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"यावर सही नको. मी इथे चोवीस वर्षं राबले, वर्षाची फी भरली. मी पाहुणी नाही. संगणक केंद्राच्या साहेबांना फोन करा."

"ते बैठकीत असतील."

"तुमचा फोन घेतील."

साहेबांनी दुसऱ्याच रिंगला फोन घेतला. दोघे आधी कुठल्याशा समितीबद्दल हसले, मग विभागप्रमुखांनी तिचा विषय काढला, आणि चार मिनिटांत दुसरी नोंद झाली. मावशीच्या तीन खेपा, दोन रात्रींची झोप आणि चार मिनिटं! काम अवघड असतं तर तिला एवढा राग आला नसता. विभागप्रमुख म्हणाले, "बघा, झालं की नाही?" ती आभार न मानताच बाहेर पडली.

दोन वाजता हॉलमध्ये तिने पासवर्ड टाकला. चक्र फिरलं आणि थांबलं. लाल अक्षरं आली नाहीत. प्रश्नपत्रिका उघडली, कोपऱ्यातलं घड्याळ उलटं मोजू लागलं, आणि तिने पहिल्या प्रश्नाचं समीकरण मांडायला घेतलं.

पर्यवेक्षणाला विभागप्रमुख स्वतःच होते. बाहेर रस्त्यावर ड्रिल मशीन सुरू झालं तसे ते वैतागले आणि मान न वळवता म्हणाले, "मावशी, तेवढी खिडकी लावा बरं."

मावशी अर्धी उठलीसुद्धा. चोवीस वर्षांची सवय, पाय विचारत बसत नाहीत. मग ती परत बसली.

"सर, माझा पेपर सुरू झालाय."

सगळा वर्ग मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघायला लागला. विभागप्रमुख स्वतःच खिडकीकडे गेले. त्या खिडकीचं दार किंचित वर उचलून ओढल्याशिवाय कडी बसत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोनदा आपटून पाहिलं. मावशी तोवर दुसऱ्या प्रश्नावर होती.