पुसले गेलेले तीन शब्द

मी तिसगावच्या वाचनालयाचा एक जुना फळा आहे. मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवत असेल, पण माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. वाचनालयाच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, बाजारपटांगणाकडे तोंड करून मी टांगलेला असतो. समोर कडुनिंबाचं झाड आहे. येणारे-जाणारे मला वाचतात.

माझा जन्म १९९१ सालचा. कानिफनाथ सुतारांनी चार फळ्या रंध्याने गुळगुळीत केल्या, जोडल्या आणि वर काळा रंग दिला. रंग वाळला तेव्हा ते माझ्यावरून तळहात फिरवून म्हणाले, "खडू चांगला धरील हा." मला फार बरं वाटलं होतं. पण खडू धरून ठेवणं किती अवघड असतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पहाटेचं दव पडलं की अक्षरं फिकट होतात. कुणी पाठ टेकली की ओळ जाते. शेळीची शेपटी लागली तरी मात्रा पुसते. माझ्यावर काही लिहिलं गेलं की तेव्हापासून मला एकच घोर लागतो, हे सगळं उद्यापर्यंत टिकेल ना?

लिहायचे जैनुद्दीन सर. ते शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि वाचनालय सांभाळू लागले. दर ऋतूला काय वाचावं, काय पाहावं आणि कशात आनंद घ्यावा, हे गावाला सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. उन्हाळ्यात ते लिहीत, "दुपारी झोप येत नसेल तर तिसऱ्या कपाटातली प्रवासवर्णनं न्या. माठात वाळा टाकायला विसरू नका." जवळच्या मढीच्या यात्रेच्या दिवसांत लिहीत, "तंबूत सिनेमा आला आहे. बसायला पोतं घरून न्या आणि येताना रेवडी आणा." थंडीत हुरडा, दिवाळीत दिवाळी अंक, रविवारी दूरदर्शनवरचा मुलांचा कार्यक्रम. शेवटची ओळ नेहमी अगदी साधी असे. "सकाळी दहा मिनिटं पाठीवर ऊन घ्या." लोक हसत, पण दुसऱ्या दिवशी पटांगणात दोन-चार जण उन्हाकडे पाठ करून बसलेले मला दिसत.

माझ्यावर सगळ्यांत जास्त विश्वास होता तो कलाबाईंचा. त्या पंचावन्नच्या पुढच्या. कापूस वेचायला, खुरपायला जात. बुद्धविहारात भरणाऱ्या साक्षरता वर्गात त्या दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकल्या होत्या. कामावरून परतताना त्या माझ्यासमोर उभ्या राहत आणि एकेका अक्षराखाली बोट धरून मोठ्याने वाचत. माझी सगळी यादी वाचायला त्यांना पाव तास लागे. त्या सरांना म्हणत, "सर, एवढी वरसं मी ह्या पटांगनातून गेले, पन भित्ताडं मुकीच हुती. आता बोलाया लागली."

मित्रांनो, आता मी तुम्हाला १९९५ सालच्या दिवाळीची गोष्ट सांगतो.

त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं होतं. शनिवारी सरांनी दिवाळीची यादी लिहिली. वर दिवाळी अंकांची नावं, मध्ये चिवड्यात घालायच्या डाळ्याची गंमत आणि अगदी खाली दोन ओळी लिहिल्या.

"मंगळवारी सकाळी सूर्यग्रहण आहे. उघड्या डोळ्यांनी
पाहू नका, टीव्हीवर पाहा."

मग वाचनालयाला कुलूप लावून सर दिवाळीच्या सुटीत बहिणीकडे नगरला गेले.

रविवारी पटांगणात दिवाळीचा बाजार भरला. एका फूलवाल्याने झेंडूचं पोतं आणून माझ्या खालच्या कडेला टेकवलं. गिऱ्हाईक आलं की तो पोतं ओढायचा, पुन्हा टेकवायचा. दर वेळी माझ्या अंगावरून एक घासणी जायची. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो, जरा पलीकडे! संध्याकाळी त्याने पोतं उचललं तेव्हा शेवटच्या ओळीतले पहिले तीन शब्द गेले होते. राहिला होता एकच शब्द, "पाहा."

उघड्या डोळ्यांनी पाहा!

सर नगरला. कुलूप दाराला. मला हात नाही, तोंड नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे मी आशेने बघत होतो, की कुणीतरी थांबेल, कुणीतरी म्हणेल, इथं काहीतरी चुकलंय. पण दिवाळीच्या गडबडीत कुणी थांबलं नाही.

सोमवारी संध्याकाळी कलाबाई थांबल्या. डोक्यावर कापसाचं गाठोडं होतं. ते खाली ठेवून त्यांनी बोट लावलं. "मं-गळ-वारी स-काळी... सूर्यग्र-हन आहे. उघ-ड्या डो-ळ्यांनी..." पुसलेल्या जागेवरून त्यांचं बोट घसरत पुढे गेलं. "पा-हा."

तेवढ्यात शेजारच्या राहीबाई पणत्या घेऊन चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कलाबाई, उद्या पोरीला घराबाहिर काढू नगं बरं का. गिरान लागतं."

"आपन न्हाई मानत त्ये," कलाबाई म्हणाल्या. "वर्गात सांगितलंय आमाला. चंद्राची सावली असती ती. आन् हितं सरांनी सोता लिवलंय, बघा म्हून. उद्या सायलीला घिऊन येते. लेकराला बघू दे."

सायली त्यांची नात, दुसरीत शिकणारी. राहीबाई मान हलवत निघून गेल्या. मला मात्र त्यांना थांबवावंसं वाटत होतं. राहीबाई भीतीपोटी बोलत होत्या, तरी नेमकं त्या दिवशी त्यांचं ऐकायला हवं होतं. आणि कलाबाई एवढ्या धीराच्या, एवढ्या शहाण्या, त्याच माझ्या शब्दावर विसंबून नातीला घेऊन येणार होत्या.

मंगळवारी सकाळी पटांगणात चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं लावलेली. ऊन पडलं होतं, पण हळूहळू ते उतरत चालल्यासारखं वाटत होतं. साडेसातच्या पुढे कलाबाई आल्या, सायलीचा हात धरून. कडुनिंबाच्या पलीकडे मोकळ्या जागेत त्या उभ्या राहिल्या.

"आज्जी, मला दाव ना!" सायली म्हणाली.

"थांब. घास चटका देतो का त्ये आदी मोठ्यानं बघायचं असतं. तू फळ्याकडं तोंड करून हुबी ऱ्हा. मी सांगते मंग."

आणि त्यांनी मान वर केली. डोळे मिचकावले, पाणी पुसलं, पुन्हा वर बघितलं. "अगं बया! कुनीतरी चावा घेतल्यावानी दिसतंय गं!" माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. किती वेळ त्या बघत होत्या, मला सांगता येणार नाही. मला तो वेळ एका दिवसाएवढा वाटला.

तेवढ्यात कडुनिंबाच्या पानांमधून माझ्यावर उन्हाचे कवडसे पडले. रोज गोल पडणारे ते कवडसे त्या दिवशी चंद्रकोरीसारखे होते, नखाएवढे, शेकडो! सायली धावत माझ्यापाशी आली. "आज्जी, फळ्यावर चंद्र पडलेत!" ती एकेका चंद्रावर बोट ठेवत खाली खाली आली आणि शेवटच्या ओळीशी थांबली.

"आज्जी, हितं काईतरी पुसलंय."

"काय पुसलंय?"

"ह्यो 'न' दिसतोय... आन् 'का'. नका. आज्जी, 'नका' हाय हितं!"

कलाबाई गर्रकन वळल्या. धावत येऊन त्यांनी सायलीला पोटाशी धरलं आणि तिच्या डोळ्यांवर पदर टाकला. "तू बघितलं का वर? खरं सांग!"

"न्हाई आज्जी. मी फळ्याकडंच हुते."

कलाबाई तिला घेऊन माझ्याखाली बसल्या. किती तरी वेळ त्यांनी नातीच्या डोळ्यांवरचा पदर काढला नाही.

त्यांना तेव्हा काही दुखलं नाही. संध्याकाळी मात्र उजव्या डोळ्यासमोर, नेमका मधोमध, एक काळा डाग आला. तिसऱ्या दिवशी त्यांचा भाचा त्यांना नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डावा डोळा सुधारला. उजव्यातला डाग तसाच राहिला.

सर परतले तेव्हा त्यांना ही बातमी एसटीतून उतरताच समजली. पिशवी हातात तशीच धरून ते माझ्यासमोर उभे राहिले. पुसलेल्या जागेवर त्यांनी बोटं टेकली. त्या संध्याकाळी वाचनालयाचे अध्यक्ष जालिंदर पाटील आणि आणखी चार माणसं जमली.

"सर, फळा उतरवा," पाटील म्हणाले. "उद्या कुनाचं लेकरू आंधळं झालं तर काय करायचं? पुस्तकं द्या, तेवढं पुरे."

"चूक माझी आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "'पाहू नका'चं वाक्य मी असं दोन ओळींत तोडायलाच नको होतं. उतरवतो."

मित्रांनो, त्या वेळी मला भीती वाटली, पण उतरवलं जाण्याची नाही. भीती ही होती, की मी आहे म्हणूनच हे घडलं.

तेवढ्यात कलाबाई आल्या. मान थोडी उजवीकडे वळवून, डावा डोळा पुढे करून चालत होत्या, कारण समोरचं आता त्यांना तसंच नीट दिसे. सर उठून उभे राहिले. "कलाबाई, मी तुमच्यासमोर काय तोंडानं..."

"बसा, सर. तुमी खोटं लिवलं न्हवतं. त्ये अर्धं ऱ्हायलं हुतं, आन् मी अर्ध्यावर भरवसा टाकला." मग त्या पाटलांकडे वळल्या. "फळा काढू नगा. पन एक करा. रोज सकाळी कुनीतरी आख्खा फळा मोठ्यानं वाचायचा. गेलं आसंल त्ये पुन्ना लिवायचं. कुनाला येळ नसंल तर मी वाचीन."

"तुम्हाला आता वाचता येईल?" पाटलांनी विचारलं.

"येक डोळा हाय की," कलाबाई म्हणाल्या.

त्या वर्षापासून त्या रोज येऊ लागल्या. आधी अर्धा तास लागे, मग पाव तास. पुसलेली मात्रा, गेलेला अनुस्वार, त्या सरांच्या खडूने भरून काढत. धोक्याची गोष्ट सर आता सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात आणि एकाच ओळीत लिहीत. फूलवाल्यांची पोती मला घासू नयेत म्हणून माझ्यापुढे त्यांनी एक कठडा बांधून घेतला. तरी माझा घोर गेला नाही. दव पडलं की मी अजूनही अक्षरं मोजतो.

पुढे गावात केबल आली. यादी बघायला कमी माणसं थांबू लागली. माझा रंग उडाला, एका कोपऱ्यात खडू उमटेनासा झाला. पण १९९८ च्या थंडीत एक गोष्ट घडली. सरांनी यादी लिहिली, वाचायची पुस्तकं, बघायचा सिनेमा, बाजरीच्या गरम भाकरीवरचं लोणी. शेवटची ओळ त्यांनी मोकळी सोडली आणि खडू कलाबाईंच्या हातात दिला.

"ही तुम्ही लिहा."

"मी? मी काय सांगनार लोकांस्नी?"

"एखादा आनंद. तुमचा."

कलाबाईंनी पदराला हात पुसले. मग मान उजवीकडे वळवून, अक्षर अक्षर जुळवत त्यांनी लिहिलं, "ज्याला दिसत न्हाई त्याला रोज येक पान वाचुन दाखवा." शुद्धलेखन चुकलं होतं. सरांनी ते तसंच ठेवलं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुठल्याही भिंतीवर, पाटीवर, फळ्यावर पुसट झालेला शब्द दिसला तर तसेच पुढे जाऊ नका. थांबा, कुणाला तरी विचारा आणि तो शब्द पुरा करा. तुमच्यामागून येणारं माणूस कदाचित नुकतंच वाचायला शिकलं असेल, आणि जे दिसेल त्यावर ते जीव टाकून विश्वास ठेवील.