भाकरीच्या टेबलाचा प्लॅन

यशराजच्या आईचे गुडघे गेले आणि घरात भाकरीचा प्रश्न उभा राहिला. खाली बसून थापली तर उठताना भिंत धरावी लागायची. ओट्यापुढे उभी राहिली तर ओटा उंच पडायचा, हाताला वजन मिळायचं नाही आणि खांदा भरून यायचा. चपात्यांवर भागव म्हटलं की ती फटकारायची, "चपाती पावण्यास्नी. घरच्या माणसाचं पोट भाकरीनंच भरतंय."

यशराज साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. सुट्टीच्या दिवशी राजारामपुरीतल्या घराच्या गच्चीवर तो लाकूडकाम करायचा. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून इंटरनेटवरून प्लॅन विकत घ्यायचा, डाऊनलोड करायचा, छापून गच्चीच्या दाराला चिकटवायचा. ते प्लॅन बहुतेक परदेशी. मापं इंचात, लाकूड इथं न मिळणारं. एक खुर्ची त्याने अगदी बिनचूक बनवली, तर तिच्यावर बसल्यावर आईचे पाय लोंबकळायला लागले.

मग त्याला एक छोटी मराठी वेबसाइट सापडली. तिथली मापं मिलिमीटरमध्ये होती, प्लायवूड आपल्या दुकानात मिळतं त्याच जाडीचं होतं, आणि प्रत्येक पायरीखाली 'इथं घाई केली तर काय बिघडतं' हेसुद्धा लिहिलेलं होतं. त्याने मसाल्याच्या बरण्यांच्या मांडणीचा प्लॅन घेतला. वाचता वाचता त्याला दिसलं, की मधल्या फळीच्या मापातून प्लायची जाडी वजा करायची राहिली आहे. त्याने तसं कळवलं.

तासाभरात उत्तर आलं. 'बरोबर आहे, चूक माझीच. दुरुस्त केलं. आणखी कुठं खटकलं तर नक्की सांगा. नाजिया, मंगळवार पेठ.'

मंगळवार पेठ! म्हणजे स्कूटरवरून पोचेपर्यंत चहा निवायचा नाही इतक्या जवळ. आर्किटेक्टकडची ड्रॉइंगची नोकरी सोडून तिने हे सुरू केलं होतं. प्रत्येक वस्तू आधी स्वतः बनवून बघायची, मगच प्लॅन विकायला ठेवायची. यशराजने तिला भाकरीचं सांगितलं. स्टुलावर बसून थापता येईल, थापताना हलणार नाही आणि काम झालं की भिंतीला मिटेल असं टेबल. असला प्लॅन कुठंच मिळत नाही, असं त्याने लिहिलं.

नाजियाला ते फारच आवडलं. तिचे प्रश्न सुरू झाले. काठवट केवढी आहे? आई थापताना पुढे झुकतात की ताठ बसतात? बसल्यावर कोपर जमिनीपासून किती उंच येतो?

यशराज टेप घेऊन स्वयंपाकघरात गेला तशी आई म्हणाली, "माझं माप कशाला रं? ह्या वयात ड्रेस शिवतोस व्हय मला?"

"टेबलाचं माप हाय, आई. हात हलवू नकोस."

"मग टेबलाचं घे की!"

मापांसोबत त्याने हेही कळवलं. नाजियाने लिहिलं, आईंचं हे वाक्य प्लॅनच्या पहिल्या पानावर टाकणार.

त्याच दिवसांत यशराजच्या हौशी सुतारांच्या ग्रुपवर सम्राटने त्याने बनवलेल्या मांडणीचा फोटो पाहिला. सम्राट त्याचा कॉलेजातला मित्र; भाकरीच्या टेबलाचंही त्याच्या कानावर होतं. "भावा, कडक झालंय. प्लॅन टाक की ग्रुपवर."

यशराजने टाकला. त्याच्या मनात कसलीच शंका आली नाही. कॉलेजभर तो झेरॉक्सवरच शिकला होता. चांगली गोष्ट चार जणांत वाटली की वाढते, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. ग्रुपवर एकेकाची मांडणी उभी राहू लागली. कळंब्यातल्या एकाने तर ती भावजयीला दिवाळीला दिली. यशराजला एवढा आनंद झाला, की त्याने सगळे फोटो गोळा केले आणि नाजियाला पाठवले. खाली लिहिलं, 'बघा, तुमची मांडणी किती घरांत पोचली!'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'छान झाल्यात. यातल्या एकानंही माझ्याकडून प्लॅन घेतलेला नाही.'

ते वाक्य त्याने दोनदा वाचलं. त्याने माफी मागितली. उत्तर नाही. काही दिवसांनी वेबसाइट उघडेना, तेव्हा तो पत्ता विचारत तिच्या घरी गेला.

दार तिच्या वडिलांनी, गौसभाईंनी उघडलं. "या पावणं. नाजियाकडं? बसा. च्या घेणार का सरबत?"

नाजिया बाहेर आली. त्याच्याच वयाची, कानामागे पेन्सिल खोचलेली. त्याने नाव सांगताच ती हसली. "मोजमापवाल्या आईंचे चिरंजीव."

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मी ग्रुपवाल्यांना पैसे द्यायला लावतो. न्हाय दिले तर मी भरतो सगळ्यांचे."

"त्याचं काय करू? मला गिऱ्हाईक पाहिजे होतं, दंड नको होता." तिने खुर्ची ओढली. "तुमच्यावर राग नाही. खरंच नाही. ते फोटो तुम्ही आनंदानं पाठवलेत, कळतंय की मला. पण ते बघून समजलं, की हे असंच चालणार. मी महिनाभर घासून एक वस्तू बनवायची, अन् ती एका दिवसात सगळ्या गावाची. सोमवारपासून मॉड्युलर किचनवाल्यांकडं नोकरीला जातेय."

"मी सांगत हुतो, जाऊ नको," आतून गौसभाई म्हणाले.

"बाबा, च्या उतू चालला बघा."

टेबलाबद्दल विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. कोपऱ्यात प्लायचा एक चौकोन बिजागरीने भिंतीला लावलेला होता, एका पायावर उभा, दुसरा पाय अजून बसवायचा राहिलेला. त्याच्या नजरेच्या दिशेने तिनेही पाहिलं. मग ती उठून कप आणायला गेली.

घरी येऊन त्याने ग्रुपवर लिहिलं, की मांडणीचा प्लॅन सगळ्यांनी काढून टाकावा. अंगठे वर झाले. मग सम्राटचा मेसेज आला, 'बरं भावा. ते भाकरीच्या टेबलाचं कधी टाकतोस?'

आई तव्यावरची भाकरी फिरवत होती. "आलं का रं माझं टेबल?"

"न्हाय येणार, आई."

"का? पोरगी आजारी हाय व्हय?"

"न्हाय. माझ्यामुळं अडलं."

तिने पुढचा गोळा मळायला घेतला. "मग जाऊन माफी माग की. तोंड हाय न्हवं?"

"मागितली."

"आनि?"

"केलं माफ तिनं."

आईने हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "मग आता काय अडलंय?"

"तिनं ते कामच सोडलं, आई," यशराज दारातूनच म्हणाला.