वीट काढलीस ना, केत्या?

या पोरांनो, बसा. दप्तरं टाका त्या कडेला. पाणी प्यायचं असेल तर पिऊन घ्या, मधे उठायचं नाही. आज एक गोष्ट सांगतो, आणि आधीच सांगून ठेवतो, ही बदला घेतल्याची गोष्ट आहे. बदला मीच घेतलाय. आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

मी एक जुना रोलर आहे. क्रिकेटची पिच दाबायचा. रस्त्यावर धूर सोडत फिरतो तो वेगळा, त्याचा माझा काही संबंध नाही. मला इंजिन नाही. मला पोरं ओढतात, म्हणून मी चालतो.

माझा जन्म इथलाच, भांडुपचा. मागच्या डोंगरात तेव्हा खाण होती. तिथला हा काळा दगड. माणिक पाथरवटानं मला छिन्नीनं गोल केलं. फार बडबड्या माणूस. दगड फोडता फोडता बायकोची गाऱ्हाणी मलाच सांगायचा. मग नानांनी मला लोखंडी चौकट बसवली. नाना मूळचे मालवणकडचे, गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, हाताला काम नव्हतं, तेव्हा भंगारातले पाइप आणून त्यांनी माझा दांडा आणि चौकट जोडली. चौकटीवर एक फळी ठोकली. ती फळी कशाला? तर वजनाला. पिच कोरडी असली की एखादं जाडं पोरगं वर बसवायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं.

त्या फळीवर बसायला एकच पोरगा ठरलेला. केतन. सगळे त्याला केत्या म्हणायचे. नानांचा सख्खा भाचा. गोल गरगरीत, हातात कायम वडापाव. वर बसून ओरडायचा, "ओढा रे, ओढा! जेवला नाय काय?" मला तो आवडायचा, खरं सांगतो. त्याचं वजन माझ्या चांगलं ओळखीचं झालं होतं. डावीकडे जरा जास्त कलायचा.

आता तुम्ही बघताच, हे मैदान सरळ नाही. वर डोंगर, खाली नाला, मधे आम्ही. त्यामुळे मला मोकळं सोडलं की मी निघालो उताराला. म्हणून इथला पहिला नियम, रोलर थांबवला की वीट. तीसुद्धा मधोमध नाही, डाव्या कडेला लावायची. म्हणजे मी जरासा वळतो, आडवा होतो आणि थांबतो. मधोमध लावली तर विटेचे तुकडे करून पुढं जातो. हे नानांनी शोधून काढलं आणि प्रत्येक पोराच्या डोक्यात ठोकून बसवलं.

एकदा केत्या विसरला. मी घरंगळत नाल्याच्या कठड्यावर जाऊन आपटलो. नाना लुंगी सावरत धावत आले. "रे मेल्या! वीट कोण लावतलो? तुझो बापूस?"

"मामा, तहान लागलेली..."

"पयली वीट, मगे पाणी! काय?"

"पयली वीट, मगे पाणी," केत्या रडत म्हणाला. त्या दिवसानंतर तो कधी विसरला नाही. झोपेतून उठवला असता तरी वीट घेऊन धावला असता.

हे मैदान दोन गल्ल्यांचं. वरची कोकणवाल्यांची, खालची बुद्धविहाराची. खेळताना शिव्या, भांडणं, एकमेकांच्या बॅटी लपवणं, सगळं व्हायचं. पण मला ओढायला दोन्ही गल्ल्या लागायच्या, एका गल्लीच्यानं मी हलायचो नाही. शिमग्याची टुर्नामेंट असो नाहीतर जयंतीची, आदल्या दिवशी वरच्या गल्लीनं दांड्याची एक बाजू धरायची, खालच्यांनी दुसरी. मग माझ्यावर नारळ फुटायचा आणि खोबरं सगळ्यांत वाटलं जायचं.

खालच्या गल्लीतली एक मुलगी रोज यायची. सपना. तिला मला ओढू द्यायचे, खेळू द्यायचे नाहीत. "पोरी कशाला खेळतात?" असं केत्याच वरून ओरडायचा. ती दात ओठ खाऊन दांडा ओढायची. मला तिचे हात आठवतात. लोखंडानं सोललेले, पण पकड सुटायची नाही.

वर्षं गेली. केत्याचे आईवडील मुलुंडला टॉवरमध्ये राहायला गेले. केत्या तिकडेच वाढला. माणिक गेला. मोठी पोरं मोबाइलमध्ये घुसली आणि मी असाच पडून राहिलो. माझ्या फळीवर कोणी कपडे वाळत घालायचं, कोणी फटाके लावायचं. एकानं तर पान खाऊन माझ्यावर थुंकून ठेवलं. त्याचाही चेहरा माझ्या लक्षात आहे.

मग एक दिवस मोठी झालेली सपना मैदानावर परत आली. घाटकोपरच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सकाळी ड्युटीच्या आधी तिनं दोन्ही गल्ल्यांतल्या मुली गोळा केल्या. पहिल्या दिवशी त्या मला बघून म्हणाल्या, "ताई, हा हलणार कसा?"

"हलतो. मला विचारा. सगळं लहानपण ह्यालाच ओढण्यात गेलंय माझं. धरा."

आणि मी हललो. काय सांगू तुम्हाला! गंज कुरकुरला, कंबर कडकडली, पण हललो. नाना आता काठी टेकत यायचे आणि कठड्यावर बसून ओरडायचे, "वीट! वीट लावा गो बायांनू!" दिवस पालटले होते आमचे.

आणि तेव्हाच केत्या आला. आता तो केतनशेठ झाला होता. पांढरी मोठी गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा. एका बिल्डरच्या कंपनीत भागीदार. त्याला आमच्या मैदानावर काचेची इमारत बांधायची होती. खाली मॉल, वर ऑफिसं.

आता हे असं कोणालाही बांधता येत नाही. शहराच्या नकाशात आमचं मैदान खेळासाठी राखून ठेवलेलं आहे. ते आरक्षण उठवायचं तर प्रकरण नियोजन समितीपुढे जातं. कुठल्या जागेवर काय होऊ द्यायचं, काय नाही, ते ही समिती ठरवते. तिथे सुनावणी झाली. सपना सुट्टी टाकून गेली. आल्यावर पाय आपटत नानांना सांगत होती, ते मी ऐकलं.

"तुमचा भाचा काय बोलला माहितीये नाना? म्हणे, तिथे कोणी खेळतच नाही. पडीक जागा आहे. झुडपं आणि कुत्री."

नाना काठी टेकत उठले. मग म्हणाले, "केत्या असा बोललो?"

"सगळ्यांसमोर. मी म्हटलं, अरे तू स्वतः खेळलायस ना तिथे? तर म्हणतो, ह्या बाईंची काहीतरी गल्लत होतेय, मी मुलुंडचा. त्या समितीच्या मोठ्या मॅडम आहेत ना, शुभा मॅडम, त्या म्हणाल्या, आम्ही येऊन बघतो. खरंच पडीक असेल तर उठवू आरक्षण."

ही मैदानाला लागलेली फाशी होती, मित्रांनो. पाहणीच्या दिवशी मैदान पडीक दिसलं की खेळ खलास.

मुलं विसरतात, माणसं विसरतात, हे मी समजू शकतो. पण 'मी तिथला नव्हेच'? ज्या पोराला मी खांद्यावर बसवून वाढवला, तो? त्या दिवसापासून माझ्या आत काहीतरी तापायला लागलं. दगड तापला की लवकर निवत नाही, उन्हाळ्यात हात लावून बघा कधी.

पाहणीच्या आदल्या दिवशी त्याची माणसं आली. भोवती पत्रे ठोकले. मुलींचं नेट फाडून नेलं. पिचवर लाल माती पसरली, कडेला डेब्रिजचा ढीग ओतला. राहिलो मी. मला उचलायला क्रेन आणली, पण ती गल्लीतून आत येईना.

"साहेब, हे धूड हलत नाय," मुकादम म्हणाला.

केतननं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला वाटलं, आता तरी ओळख दाखवेल. तो म्हणाला, "झाकून टाक. वर मॉडेल ठेव. टेबल होईल मस्त."

माझ्या फळीवर प्लायवूड आलं. त्यावर हिरवं चकचकीत कापड, पार जमिनीपर्यंत. त्यावर त्या इमारतीचं मॉडेल. प्लास्टिकच्या काचा, इवलीशी झाडं, इवल्याशा गाड्या. मुकादम वाकून कापड सारखं करत होता. "साहेब, इथं वीट आहे खाली. कापड नीट बसत नाय."

"काढ ना मग. घाण दिसतेय."

काढ ना मग! आईशप्पथ, मला कानांवर विश्वास बसेना.

"मग हे सरकेल ना?"

"काहीतरी लाव दुसरं."

मुकादमानं मॉडेल ज्यात गुंडाळून आणलं होतं तो थर्माकोलचा तुकडा माझ्या खाली सारला. पांढरा, स्वच्छ. पोरांनो, थर्माकोल! मी हसलो असतो, पण मला घाई नव्हती. रात्र सगळी माझ्याकडे होती.

सकाळी समिती आली. शुभा मॅडम पुढे. साधी कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज. बरोबर चारपाच साहेब लोक. केतननं सगळ्यांना वरच्या बाजूला मांडवात उभं केलं, नारळपाणी दिलं. सपना, नाना आणि मुली बाहेर पत्र्यापाशी. वॉचमन सोडेना. शुभा मॅडमच म्हणाल्या, "हरकत घेतलेले लोक आहेत ना ते? त्यांना आत घ्या. त्यांच्यासमोरच बघायचंय मला."

मग केतनचं सुरू झालं. "मॅडम, तुम्ही बघताच आहात. माती, डेब्रिज. वर्षानुवर्षं पडीक. इथे ना कधी कोणी खेळलं, ना कोणी खेळतं."

"खोटं बोलतोय!" सपना ओरडली. "कालपर्यंत नेट होतं इथे."

"दाखवा ना मग नेट," केतन म्हणाला. "नेट नाही, स्टंप नाही, काही नाही. ताई, नुसतं बोलून होतं का?"

सपनाकडे खरंच दाखवायला काही नव्हतं. तिनं इकडे तिकडे बघितलं. मला शोधत होती. मी कापडाखाली.

"या मॅडम, हे बघा काय होणार आहे इथे," केतन मॉडेलकडे आला. "ह्या बाजूला पार्किंग..." आणि पार्किंग दाखवायला तो पुढे वाकला. दोन्ही हात टेकून अंगाचा सगळा भार त्यानं माझ्यावर दिला.

डावीकडे जरा जास्त.

ते वजन मी ओळखलं. इतक्या वर्षांनी, सूट घालून आला तरी ओळखलं. आणि खाली थर्माकोल कुरकुरला.

ये केत्या, म्हटलं. बस. आज तू नको ओरडूस, आज मी ओढतो.

निघालो! पहिल्याच हिसक्याला मॉडेल पुढं घसरलं आणि धाडकन पडलं, बरोबर माझ्या वाटेत. मी जराही थांबलो नाही. मॉल, ऑफिसं, काचा, झाडं, गाड्या, सगळ्यांवरून गेलो. कर्रर्र कट कट कट! तो आवाज मी अजून मनात ऐकतो, झोप येत नसली की. कापड माझ्याभोवती गुंडाळलं, टरकन फाटलं आणि मी उघडा झालो. समोर उतार, आणि उताराच्या टोकाला केतनची पांढरी गाडी. माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

"गाडी! माझी गाडी!" केतन किंचाळला.

आणि वरून, मांडवापासून नानांचा आवाज आला. म्हातारा झालेला, पण तोच. "केत्या! वीट!"

बस्स. केतनशेठ कुठे गेला कोण जाणे. केत्या धावला. डेब्रिजच्या ढिगातून त्यानं वीट उचलली, बुटांसकट मातीत उडी मारली, माझ्या पुढं आला आणि वीट सारली. मधोमध नाही. डाव्या कडेला. जरासा वळलो, आडवा झालो, थांबलो. गाडी हातभर राहिली. ते मला आजही खुपतं.

केत्या धापा टाकत वर बघत ओरडला, "लावली मामा!"

मग त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडे बघतायत.

शुभा मॅडम सावकाश उतरून आल्या. माझ्यावर हात फिरवला. मग विटेकडे बघितलं, मग केत्याकडे.

"केतनराव, पडीक जागेत रोलर कशाला लागतो हो?"

त्यानं हातांची माती झटकली.

"आणि तुम्ही मुलुंडचे ना? मग ह्याला वीट कुठे लावायची, ते कुणी शिकवलं?"

केत्यानं मान खाली घातली. नाना काठी टेकत आले. मला वाटलं, ओरडतील. ते हळूच म्हणाले, "वीट काढलंस कित्याक रे? तुका म्हायत होता ना?"

एवढंच. केत्यानं डोळ्यांवर चष्मा चढवला, पण मी खाली होतो, मला दिसत होतं.

पुढच्या बैठकीत समितीनं त्याचा अर्ज फेटाळला. खेळाचं मैदान खेळाचंच राहिलं, पत्रे आणि डेब्रिज उचलायचा खर्चही त्याच्याच माथी. सपना बातमी घेऊन आली ती सरळ माझ्या फळीवर चढून बसली. "ओढा गं!" म्हणाली. लहानपणी तिला वर कधी कोणी बसवलंच नव्हतं. काय हसत होती!

मुली मला धुवायला निघाल्या होत्या. माझ्या भेगांत त्या इमारतीच्या काचा अजून अडकल्यात, त्या काढू म्हणाल्या. सपना म्हणाली, "राहू दे. शोभतात." हुशार आहे पोरगी.

केत्या एकदा येऊन गेला. संध्याकाळी रस्त्यापलीकडे उभा राहून वडापाव खात मुलींचा खेळ बघत होता. नानांनी हात केला, ये म्हणून. नाना माणूस आहेत, त्यांना जमतं. मी दगड आहे. मी नाही माफ केलं.

तर मित्रांनो, झाली गोष्ट. आता उठा, अंधार व्हायला आला. पण जाता जाता ह्या म्हाताऱ्याचं एक काम करा. दांड्याला तेल द्या, फळीवर थुंकू नका, आणि खेळून झालं की पाण्याकडे पळायच्या आधी वीट लावा, डाव्या कडेला. रोज लावा. फक्त एक दिवस सोडून. चकचकीत कापड आणि काचेची इमारत घेऊन परत कोणी ह्या मैदानात आला ना, तर त्या दिवशी त्याला गाडी खालीच लावायला सांगा. आणि वीट माझ्याकडे द्या.