मेनूतून पुसलेली ताई

पडद्यांच्या आणि चादरींच्या कापडासाठी नक्षी काढणाऱ्या दोघी बहिणींचा कॉम्प्युटर एकच. त्यात कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली होती; थोरलीचं लिनक्स वेगळं, धाकटीचं वेगळं, शिवाय छपाईच्या यंत्रापुरतं तिसरं. बटण दाबलं की तीन ओळींचा मेनू यायचा: ताई, छोटी, छपाई; जी ओळ निवडावी ते लिनक्स उघडायचं. तो थोरलीने स्वतः लिहिला होता, आणि आपल्या माघारी काही अडायला नको म्हणून धाकटीला शेजारी बसवून शिकवलाही होता.

आजारी मावशीकडून थोरली एक दिवस आधीच परतली. पिशवी खाली ठेवून तिने कॉम्प्युटर लावला, तर मेनू आलाच नाही. थेट धाकटीचं लिनक्स उघडलं.

"अपडेटने घोळ घातला वाटतं," असं पुटपुटत तिने मेनूची फाइल उघडली. तिच्या ओळी तिथेच होत्या, पण कॉम्प्युटरने त्या वाचू नयेत म्हणून प्रत्येकीपुढे चिन्ह टाकून झाकलेल्या. निवड करायला मेनू दहा सेकंद थांबायचा, तिथे आता शून्य. अपडेट असं निवडून, जपून काही करत नाही. हे माणसाच्या हातचं काम होतं, आणि त्या हाताला वळण तिनेच लावलं होतं.

मग तिला नवं फोल्डर दिसलं. आत तिच्याच बावीस नक्ष्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात धाकटीची सही.

धाकटी केस पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. "तू उद्या येणार होतीस ना?"

"चुकलंच माझं."

"ताई, ऐक. कापड गिरणीवाल्या बाई दुपारी नक्ष्या निवडायला येतायत. इतकी वर्षं तू या कुणाला दाखवल्यास? नुसत्या पडून होत्या!"

"मग माझ्या नावाने दाखवायच्या होत्यास."

"प्रत्येक वेळी तुझंच नाव असतं गं," धाकटी हळूच म्हणाली.

परक्याने चोरी केली असती तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे केसाने गळा कापला गेला होता.

तिने एकेक चिन्ह पुसलं, दहा सेकंद परत आणले, मेनू नव्याने तयार केला.

दुपारी बाई आल्या. थोरलीने त्यांच्यासमोरच कॉम्प्युटर सुरू केला, आणि तीन ओळींचा मेनू आला.

"यातली ताई कोण?" बाईंनी हसत विचारलं.

"मी. नक्ष्या माझ्या आहेत."

धाकटी खिडकीकडे बघत राहिली. बाईंनी सात नक्ष्या पसंत केल्या, कागदावर थोरलीचं नाव लिहून घेतलं आणि निघाल्या.

संध्याकाळी थोरलीने मेनूला पासवर्ड लावला. या घरात एकमेकींपासून लपवलेला तो पहिलाच.

"तू बाहेरगावी असताना काही बिघडलं तर?" धाकटीने विचारलं.

"तर मी येईपर्यंत बंद राहील," थोरली म्हणाली, आणि पिशवीतले कपडे काढायला आत गेली.